मुलानं वडिलांचं नाव लावणं सोडलं तेव्हा

"आमच्या मुलाला आमची लाज वाटते का हो?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारतात. कुणाची मुलगी मैत्रिणींना घरी आणत नाही, कुणाचा मुलगा आईला शाळेच्या फाटकापासून लांब थांबायला सांगतो. पण मूल नावाला हात घालतं तेव्हा हा प्रश्न सगळ्यात खोल लागतो. ते आडनाव गाळतं, वडिलांचं नाव काढून टाकतं, नाहीतर "मला गॅझेटमध्ये नाव बदलायचंय" असं जेवताजेवता सांगून मोकळं होतं. आईवडील त्या क्षणी एकच अर्थ लावतात: याला आम्ही नकोसे झालो.

एका कुटुंबाबरोबर केलेलं काम त्यांच्या परवानगीने इथे मांडते आहे. त्यांनी हा मजकूर वाचलाय. ओळख पटेल असे तपशील आणि नावं बदलली आहेत. एरवी नावं बदलणं ही आमच्या लिखाणातली साधी खबरदारी असते. या वेळी मात्र त्यावर बराच विचार करावा लागला. कुठलंही आडनाव लिहिलं तरी वाचणारा आधी त्यावरून अंदाज बांधणार, आणि हे सगळं प्रकरणच त्या अंदाजाचं आहे. शेवटी मी जाधव हे आडनाव घेतलं. त्यांचं खरं आडनावही याच जातकुळीतलं आहे. ते मराठ्यांत सापडतं, बौद्धांत सापडतं, भटक्या-विमुक्तांतही सापडतं. नुसतं आडनाव ऐकून काही उलगडत नाही, म्हणून लोक पुढचं विचारतात. "जाधव म्हणजे कुठले? गाव कुठलं? वडिलांचं नाव काय?"

सुनंदाताई आधी एकट्याच आल्या. विश्रांतवाडीला घर, त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, पती भीमराव पोस्टात, निवृत्ती जवळ आलेली. मुलगा रोहन चोवीस वर्षांचा, हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला. मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि घरात लग्नाची गडबड असायची त्या दिवसांत बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं पत्रिका. छापखान्याकडून कच्चे नमुने रोहनच्या फोनवर आले आणि चुकून घरच्या ग्रुपवर गेले. नमुने दोन होते. पहिल्यावर वर बुद्ध आणि बाबासाहेबांची छायाचित्रं, खाली 'मंगल परिणय', आणि 'श्री. भीमराव कचरू जाधव यांची ज्येष्ठ कन्या'. दुसरा फक्त पन्नास प्रतींचा, रोहनच्या ऑफिसातल्या मंडळींसाठी. त्यावर छायाचित्रं नव्हती, नुसती वेलबुट्टी होती, आणि नाव होतं 'श्री. बी. के. जाधव'.

भीमरावांनी ते पाहिलं, फोन बाजूला ठेवला आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं.

सुनंदाताईंच्या मनात याहून जुनी एक गोष्ट सलत होती. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. रोहनला हे लागू नव्हतं, पण त्यानंतर काही दिवसांनी त्याने समाजमाध्यमांवर आपलं नाव 'रोहन सुनंदा जाधव' असं केलं. "आता सरकारच म्हणतंय, आई," असं तो म्हणाला. ताईंना इतका आनंद झाला की शाळेतल्या सगळ्या बाईंना त्यांनी ते फोनवर दाखवलं. वडिलांचं नाव त्यात राहिलंच नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्रिका आल्यावर त्यांना त्याचा अर्थ लागला. "मॅडम, मला वाटलं त्यानं माझं नाव पुढं आणलं. त्यानं ह्यांचं नाव झाकायला माझं वापरलं."

रोहन आला तो उपदेश ऐकायच्या तयारीने. खुर्चीत अर्धवट बसला होता. नाव का बदललंस, हा प्रश्न मी अशा वेळी विचारत नाही. त्याचं उत्तर प्रत्येकाने आधीच तयार ठेवलेलं असतं, आणि ते वकिली उत्तर असतं. मी विचारलं, "पूर्ण नाव सांगताना पहिल्यांदा कधी अडखळलास? समोर कोण होतं?" नाव दुखायला लागतं ते ठरावीक जागी, ठरावीक माणसासमोर, आणि बहुतेकांना तो प्रसंग लख्ख आठवत असतो.

रोहनला वाकडचा फ्लॅट आठवला. तो आणि कॉलेजचे दोन मित्र मिळून भाड्याने घर बघत होते. मालक गप्पिष्ट होते, चहा झाला, अनामत रकमेवर बोलणं आलं. मग त्यांनी सहज विचारलं, "जाधव म्हणजे सातारकडचे का?" रोहन म्हणाला, नाही, नांदेड. "वडिलांचं नाव?" त्याने सांगितलं. मालकांचा सूर बदलला नाही, चहाही संपवू दिला. संध्याकाळी मात्र निरोप आला की घर फॅमिलीला द्यायचं ठरलंय. महिनाभराने कळलं की त्याच घरात ते दोघे मित्र तिसऱ्या कुणालातरी घेऊन राहायला गेलेत. मित्रांनी त्याला सांगितलं नव्हतं. मालकापेक्षा त्याला हे जास्त लागलं होतं, आणि हे बोलताना तो पहिल्यांदा रडला.

त्यानंतर नोकरी लागली. जेवणाच्या टेबलावर आरक्षणाचा विषय निघाला, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "तू तर आपल्यातलाच." तो गप्प राहिला. गाव कुठलं विचारल्यावर सातारा म्हणाला. पुढचं सगळं या एका शब्दाला सांभाळण्यासाठी होतं. १४ एप्रिलला सुट्टी मागायची नाही, सरळ आजारी असल्याचं कळवायचं. दर १ जानेवारीला घरचे सगळे भीमा कोरेगावला जातात, त्यांच्याबरोबर जायचं, पण फोटोत यायचं नाही. ऑफिसातल्या कुणाला घरी बोलवायचं नाही, कारण दिवाणखान्यात दारासमोरच बाबासाहेबांची मोठी तसबीर आहे. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा, पहाटे तीनला जाग यायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. निघणार नव्हतंच. जो माणूस दिवसभर स्वतःवर पहारा देतो त्याचं शरीर रात्रीही पहाऱ्यावरच राहतं.

"पप्पांची लाज नाही वाटत, मॅडम," तो म्हणाला. "पण त्यांचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा जरासा हलतो. तो हलताना मला बघायचा नसतो."

मग त्याने विचारलं, हे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत ना? मी ठामपणे नाही म्हणाले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांत होता: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी निघाली. रोहनला हे सांगणं मला उपचाराचाच भाग वाटतं. अशा मुलाला नुसता आत्मविश्वास वाढवायला सांगणं म्हणजे दोष त्याच्याच पदरात घालणं. त्याला जे दिसलं ते खरं होतं. आम्हाला बोलायचं होतं ते त्यानंतर त्याने स्वतःला कसं वागवलं त्याबद्दल.

भीमरावांना यायला वेळ लागला. आले तेव्हा आत येण्याआधी दारावरच्या पाटीशी क्षणभर थांबले. माझं आडनाव असं आहे की पुण्यात ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही; एका शब्दात सगळं सांगून होतं आणि दारं उघडतात. मी त्यांना सरळ विचारलं, "जाधव साहेब, बाहेर माझं नाव वाचलंत. माझ्यासमोर हे बोलायला अडचण वाटते का?" ते थोडं हसले. म्हणाले, "वाटत होती. तुम्ही विचारलं म्हणून थोडी कमी वाटते." जातीबद्दलचं दुखणं घेऊन आलेल्या माणसासमोर समुपदेशकाने आपण जणू कुठलेच नाही असं बसू नये, हे माझं ठाम मत आहे. समोरच्याने पाटी वाचलेली असते.

तिघांना एकत्र बसवलं तेव्हा मी एक मोठा कागद मध्ये ठेवला. आम्ही जीनोग्राम काढतो, म्हणजे तीन-चार पिढ्यांचा आराखडा: कोण कुणाचं, कोण कुठे गेलं, कुणाचं कुणाशी जमलं. नावाचा प्रश्न असेल तर मी प्रत्येक चौकोनाशी एक गोष्ट वाढवते. हे नाव कुणी ठेवलं आणि का? रोहनने स्वतःचं सांगितलं: आत्याने ठेवलं, एका सिनेमातल्या नटावरून. बहिणीचं आईने ठेवलं. भीमरावांचं अर्थातच बाबासाहेबांवरून. मग आजोबांचा चौकोन आला, कचरू, आणि रोहन ओशाळून हसला.

कचरू, धोंडू, दगडू, उकंडा ही नावं एकेकाळी अनेक जातींत ठेवली जायची. मुलं जगत नसली की असं नाव ठेवायचं, म्हणजे मृत्यूची नजर पडत नाही, अशी समजूत होती. पण काही घरांत या नावांमागे आणखी एक इतिहास असतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक सांगतो की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवान, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला गेला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यांमधल्या पाळण्यांत वेगळी नावं ऐकू येऊ लागली: सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, संघमित्रा. ज्यांच्या वाट्याला हिणवणारी नावं आली होती त्यांनी आपल्या लेकरांची नावं स्वतः निवडली. शाळेच्या हजेरीपटात ती नावं मोठ्याने पुकारली जाणं ही त्या घरांसाठी लहान गोष्ट नव्हती.

मी एवढं बोलले आणि थांबले, कारण भीमरावांना काही सांगायचं होतं.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. भीमराव तेव्हा आठ वर्षांचे. त्यांच्या वस्तीतली घरं जळाली, सगळे नातेवाइकांकडे पांगले, आणि काही महिन्यांनी परत आले. शाळेतल्या गुरुजींनी आजोबांना बोलावून भल्याच्या हेतूने सुचवलं, दिवस वाईट आहेत, पोराचं नाव पटावर भगवान लिहितो, कुणाच्या डोळ्यात यायला नको. आजोबा म्हणाले, "नाव नाही काढायचं. पोरगं काढून नेतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी भीमरावांना नांदेडला बहिणीकडे नेऊन शाळेत घातलं.

"मी आईपाशी राहिलो नाही त्या नावापायी," भीमराव म्हणाले. "दिवाळीला जायचो, बस. बा गेला तेव्हा मी नोकरीच्या परीक्षेला होतो."

विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला, तोवर ते पुण्यात पोस्टात लागले होते.

रोहन विरघळेल, वडिलांच्या पाया पडेल असं वाचकांना वाटत असेल. तो चिडला. "हे मला आज कळतंय? एवढी वर्षं का नाही सांगितलं?" भीमराव म्हणाले, "तुला भीती द्यायची नव्हती. तू पुण्यात जन्मला, इंग्रजी शाळेत गेला. म्हटलं, ते सगळं माझ्यापाशीच संपू दे."

मला या कामात सगळ्यात जास्त वेळा भेटणारी गोष्ट हीच आहे. सोसलेले आईवडील मुलांना नाव देतात आणि नावामागची गोष्ट मायेपोटी राखून ठेवतात. मग मुलाला त्या नावाचा अर्थ पहिल्यांदा कळतो तो घरमालकाच्या तोंडून, हॉस्टेलच्या खोलीतून, जेवणाच्या टेबलावरून. बाहेरच्यांनी दिलेला अर्थ आधी पोचतो आणि घरचा पोचतच नाही. भीमरावांनी मुलाला भीतीपासून वाचवलं, पण त्याबरोबर आजोबांचं ते एक वाक्यही त्याच्यापासून दूर राहिलं, जे वाकडच्या त्या घरातून बाहेर पडताना त्याच्यापाशी असायला हवं होतं.

इथे एक धोका असतो आणि तो लगेच समोर आला. भीमरावांचा आवाज चढला, "तुझ्या आजानं एवढं केलं आणि तू..." मी त्यांना तिथेच थांबवलं. गोष्ट सांगणं वेगळं आणि तिचं कर्ज मुलाच्या नावे लिहिणं वेगळं. आजोबांनी नाव राखलं म्हणून नातवाने दर घरमालकासमोर छाती पुढे काढून ते घेतलंच पाहिजे, असं मी कुणाला सांगणार नाही. दगड ज्याच्या दिशेने येतो, केव्हा वाकायचं ते त्यानेच ठरवावं. रोहनने ऑफिसात काय सांगायचं, कुणाला, कधी, हा त्याचा अधिकार आहे. माझा आग्रह एवढाच होता की ते त्याने ठरवून करावं. चेहरा हलेल या धास्तीने जीभ आपोआप वळू नये.

सुनंदाताई तोवर गप्प होत्या. त्यांनी मुलाला सांगितलं, "माझं नाव लावायचं तर खुशाल लाव, मला आवडेल. पण ह्यांना झाकायला माझं नाव वापरू नको." भीमराव बऱ्याच वेळाने बोलले. "गाळायचं तिथं गाळ. मला सांगून गाळ. मला दुसऱ्याच्या फोनवरून कळायला नको."

त्यानंतरच्या सत्रांत रोहनबरोबर मी अगदी व्यवहारातलं काम केलं. कोणत्या माणसांसमोर खरं गाव सांगणं सोपं, कोणासमोर अवघड, याची उतरंड लावली आणि सोप्यापासून सुरुवात केली. पहिलं नाव निघालं ते त्याच्या टीममधल्या एका मुलीचं. तिला त्याने नांदेड सांगितलं, ती म्हणाली माझं आजोळ तिकडचंच, आणि विषय तिथेच संपला. प्रत्येक वेळी असं होणार नाही हे त्यालाही माहीत आहे. पण इतके दिवस तो सगळ्या चेहऱ्यांना एकच चेहरा समजत होता, ते थोडं सुटलं. वाकडच्या मित्रांपैकी एकाला त्याने भेटून विचारलं, का नाही सांगितलंस. मित्राने मान खाली घातली. मैत्री राहिली नाही, पण पहाटेची जाग त्यानंतर कमी झाली.

नावाचे प्रश्न घेऊन येणारे सगळेच जातीच्या वाटेने येत नाहीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नवं नाव आयुष्यभर वापरून पन्नाशीत "माझं माहेरचं नाव आता कुणीच घेत नाही" असं सांगणारी बाई येते. घटस्फोटानंतर मुलांचं आडनाव काय ठेवायचं म्हणून विचारणारी आई येते. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशी, नकोशा अशी नावं असलेल्या २८० हून अधिक मुलींचा नामकरण सोहळा झाला होता. तिथल्या मुलींनी स्वतःसाठी नवी नावं घेतली, आणि त्यात कुणाला घराण्याचा अपमान दिसला नाही. नाव बदलणं हे कधी पळणं असतं, कधी सुटका असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मुलाने विषय काढला की लगेच हो-नाही करू नका. आधी तो प्रसंग विचारा, जिथे ते नाव पहिल्यांदा जड झालं. तो ऐकून होईपर्यंत आपली बाजू मांडू नका. आणि नावाची गोष्ट तुमच्याकडे असेल तर ती सांगा, पण त्याच बैठकीत त्याच्याकडून वचन मागू नका.

कागदोपत्री बदलाबद्दलही रोहनने विचारलं होतं. प्रौढ व्यक्तीला शासनाच्या राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येतं. २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरच्या नावांसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नाव हा माणसाच्या ओळखीचा गाभा मानला आहे, तेव्हा हक्काबद्दल शंका नाही. पण राजपत्रानंतर आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, पदवी हे सगळं जुळवत बसावं लागतं, आणि ज्यांची जात पडताळणी व्हायची असते त्यांच्यासाठी वडील-आजोबांच्या कागदांशी नाव जुळणं फार महत्त्वाचं असतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की दुखऱ्या महिन्यात अर्ज भरू नका. सहा महिने थांबा, तेव्हाही वाटलं तर जरूर करा.

बहिणीच्या लग्नाची पत्रिका शेवटी एकच छापली, छायाचित्रांसकट, वडिलांच्या पूर्ण नावासकट. ऑफिसात रोहनने ती सगळ्यांना दिली नाही. सात-आठ जणांना दिली, त्यातले पाच आले. कंपनीत तो अजूनही नुसता 'रोहन जाधव' असतो. समाजमाध्यमांवर आता 'रोहन सुनंदा भीमराव जाधव' आहे, आणि हे लांबलचक दिसतं म्हणून बहीण त्याला चिडवते. जेवणाच्या टेबलावर ज्याने "आपल्यातलाच" म्हणून थाप मारली होती त्याला मात्र त्याने अजून काही सांगितलेलं नाही. तो माणूस आता त्याचा टीम लीड झाला आहे आणि वार्षिक मूल्यमापन जवळ आलंय. सांगायचं का, केव्हा, आणि मूल्यमापनावर त्याचा परिणाम झाला तर काय करायचं, यावर आमचं काम सुरू आहे. पुढच्या सत्राला भीमरावही येणार आहेत, रोहननेच बोलावलं आहे.